झेड तुटला की येणारा माणूस

कारा-बुलुङ गावात इशेनालीला सगळे ओळखत, पण त्याच्याकडे जात कुणी नसे. ओळख होती ती टेलिफोन खात्यातली. गावात तारेचे फोन होते तोवर खांबावर चढलेला माणूस दिसला की तो इशेनालीच. पुढे खिशातले फोन आले, खांब नुसते कावळ्यांना बसायला उरले, आणि इशेनालीने उतारवयात कॉम्प्युटरचं काम शिकून घेतलं. तार ती तारच, असं तो म्हणायचा. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मधे कुठेतरी बिघाड. एवढं बोललं की त्याचं त्या दिवसाचं बोलणं संपायचं.

बायको झूरा होती तोवर तो माणसांत होता. खरं तर झूरा माणसांत होती आणि हा तिच्या मागे नानरोट्यांची पिशवी धरून चालायचा. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची सून आली, कुणी गेलं, की झूरा पुढे आणि हा मागे. आत गेल्यावर ती बोलायची, हा खायचा. परतताना ती विचारायची, "काय रे, बोललास का कुणाशी?" आणि हा म्हणायचा, "तू बोललीस की." चांगलं चाललं होतं. मग मूत्रपिंडाच्या दुखण्याने तिला नेलं, आणि गावातल्या एकाही दारात एकट्याने कसं जायचं हे आपल्याला ठाऊकच नाही, हे त्याला त्या वयात कळलं.

आमच्याकडे पाहुण्याला आमंत्रण लागत नाही. न बोलावता आलेला तर खुदाचा पाहुणा, त्याला वरच्या अंगाला, मानाच्या जागी बसवायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण इशेनालीच्या मनाने भलतंच घेतलं होतं. बायको गेलेला माणूस दुपारचा कुणाच्या उंबऱ्यावर उभा राहिला तर लोक म्हणतील, आला जेवायला! असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणणारही नव्हतं. पण एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढायला शेजारी दुसरं डोकं लागतं, आणि तेच तर नव्हतं. तो खिडकीशी उभ्या उभ्या जेवायचा. एकट्यासाठी दस्तरखान, जेवणाचं कापड, काय अंथरायचं?

मुलगी आयपेरी रशियात, येकातेरिनबुर्गला एका गोदामात कामाला होती. रविवारी तिचा फोन यायचा.

"पप्पा, जेवलात?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"सूप."

"गरम ना?"

"गरम गरम."

सूप आदल्या दिवशीचं असायचं आणि थंडगार असायचं. पण हे फोनवर सांगून ती पोरगी तिथून काय करणार होती? तिची कामाची पाळी सुरू व्हायची, फोन ठेवला जायचा, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत त्या घरात माणसाचा आवाज म्हणून फक्त रेडिओ.

एवढ्या मोठ्या गावात इशेनालीला एकाच ठिकाणाहून बोलावणं यायचं. जनावरांच्या दवाखान्यातून. आणि तेही झेड तुटला तरच.

झेड म्हणजे काय ते सांगतो. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक गायीच्या, घोडीच्या, मेंढीच्या कानात बिल्ला असतो, आणि कुठला बिल्ला कुणाच्या जनावराचा, त्याला कुठली लस कधी टोचली, याची नोंद त्या कचेरीत होते. ती नोंद नसेल तर रविवारच्या बाजारात जनावराला फाटकाच्या आत घेत नाहीत. राजधानीतल्या, बिश्केकच्या कुण्या हुशार माणसाने केव्हातरी हा प्रोग्रॅम लिहून दिला आणि तो पुन्हा काही फिरकला नाही. नोंदींची सगळी फाइल मागच्या खोलीत, लसींच्या फ्रीजशेजारच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. पुढच्या खोलीतले कॉम्प्युटर तारेवरून ती फाइल उघडत. पडद्यावर त्या जागेचं नाव होतं झेड. मधेच तार गेली की झेडवर लाल फुली येई. नुसती फुली आली तर चिंता नसे, जरा थांबलं की ती जाई. पण नोंद लिहिता लिहिता झेड गेला, तर फाइल अशी चिरडली जाई की पुन्हा उघडायचीच नाही. मग आदल्या दिवशी काढून ठेवलेली प्रत आणून बसवायची आणि त्या दिवशीचं सगळं काम नव्याने करायचं.

असं झालं की गुलबार्चिनचा फोन येई. गुलबार्चिन त्या कचेरीत नोंदी भरायची. चाळिशीची, जिभेला धार, पण मनात काही न ठेवणारी बाई.

"बाइके, मेला परत!"

"कोण?"

"झेड हो! आणखी कोण मरतंय इथे? मेंढ्यासुद्धा ठणठणीत आहेत."

मोठ्या भावाला म्हणतात तसं ती त्याला बाइके म्हणायची. इशेनाली दाढी करायचा, इस्त्रीचा सदरा घालायचा, बॅग उचलायचा आणि बर्फातून निघायचा. कोपऱ्यावरून वळेपर्यंत सावकाश, आणि वळल्यावर भरभर.

तिथे पोचून प्रत बसवली, झेड पुन्हा जोडला, की कचेरीचे प्रमुख डॉक्टर टोलोगोन आतल्या खोलीतून हाक मारत, "इशेके, हात धुवा आता." मानाने हाक मारायची तर आमच्याकडे नाव असं अर्धं करतात. आत टेबलावर दस्तरखान पसरलेलं असायचं. बोर्सोक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, वाटीत साय, कधी गुलबार्चिनने घरून आणलेला पापुद्र्यांच्या रोटीचा कत्तामा. किटली उकळायची, चहात दूध पडायचं, आणि गुलबार्चिनची टकळी चालू व्हायची.

"तुमच्या हाताला गुण आहे, बाइके. तुम्ही दारात दिसलात की झेड उठून बसतो. माझी सासूही अशीच, डॉक्टर आला की तिचं दुखणं पळतं."

"आणि डॉक्टर गेला की?" टोलोगोन विचारत.

"गेला की माझं सुरू होतं!"

सगळे हसायचे. इशेनालीही हसायचा, आणि घरी परतताना ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलेलं असायचं. मग कुलूप उघडताना ते जायचं.

असं असलं तरी काम त्याने कधी अंगचोरीने केलं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. दोन हिवाळे तो त्या झेडच्या मागे हात धुऊन लागला होता. काही वेळ कुणी वापरलं नाही की कॉम्प्युटर आपणहून जोड सोडून देतो, असं त्याने वाचलं, आणि ती सोय बंद करून टाकली. वीज वाचवायला नेटवर्कचं कार्ड डुलकी काढतं, असंही वाचलं, आणि त्या कार्डाची झोप कायमची उडवली. तारा बदलल्या, टोकं नव्याने आवळली. उंदरांवर संशय घेतला. व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर घेतला. झेड हे नावच काढून सरळ पत्त्याने फाइल उघडून पाहिली. चार दिवस बरं चालायचं, की पुन्हा, "बाइके, मेला!" रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं ते चाललं होतं, फक्त इथे रेडा कुठला हेच कळत नव्हतं. बिघाडाला ना वेळ ना काळ. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी आठवडाभर काहीच नाही.

आणि काहीच नाही असा आठवडा गेला की इशेनाली फोन हातात घेऊन तो चालू आहे ना, हे बघायचा.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. एका मंगळवारी सकाळी गुलबार्चिनचा फोन आला म्हणून तो गेला, प्रत बसवली, आणि पुढच्या खोलीत तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. आज उठायचंच नाही, समोर तुटू दे, असं त्याने ठरवलं होतं. सकाळभर झेड गुणी बाळासारखा चालला. कुणी आलं नाही, गेलं नाही. मग दार उघडून ऊल्कान आपा आत आल्या.

ऊल्कान आपा म्हणजे वरच्या वस्तीवरची म्हातारी, पाठीत वाकलेली, डोक्याला पांढरा रुमाल. नवऱ्याचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. आमच्याकडे त्याला आश म्हणतात, आणि आशला घोडीच कापावी लागते, त्याहून कमी केलं तर गेलेल्या माणसाचा मान राहत नाही. म्हातारीकडे घोडी नव्हती. एक दुभती गाय होती. ती बाजारात देऊन घोडी घ्यायची, म्हणून गायीची नोंद करायला ती आली होती.

टोलोगोन लगेच उठून उभे राहिले. "या आपा, या, शेगडीकडे सरका. गुलबार्चिन, तू आपांचं नाव लिहून घे, चहाचं मी बघतो." एवढ्या वयाची बाई कचेरीत आली आणि तिच्या हातात लगेच चहा पडला नाही तर डॉक्टरांना स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं. ते आत गेले. गुलबार्चिन बिल्ल्याचा नंबर लिहू लागली. आतून किटलीचं बटण दाबल्याचा आवाज आला.

छतावरचा दिवा पिवळा पडला. इशेनालीने वर पाहिलं, सवयीने, आणि मग बोळाकडे पाहिलं. बोळात कपाटावर एक वहीएवढी पेटी होती, सगळ्या कॉम्प्युटरांच्या तारा तिच्यात येऊन मिळत. तिच्यावरचे हिरवे ठिपके सगळे एकदम विझले. मग एक एक करून पुन्हा लागू लागले.

"मेला!" गुलबार्चिन ओरडली. "आपांची गाय गिळून मेला!"

इशेनाली उठून बोळात गेला. पेटीची विजेची तार धरून धरून तो मागे गेला. ती तार कपाटामागच्या प्लगांच्या पट्टीत होती, पट्टीची तार भिंतीतल्या भोकातून आतल्या खोलीत जात होती, आणि तिथे भिंतीतल्या त्याच प्लगला किटली लावलेली होती. फाइल असलेल्या कॉम्प्युटरला बॅटरीचा यूपीएस होता, त्यामुळे विजेवर कुणी कधी संशय घेतला नव्हता. या इवल्याशा पेटीचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. हिवाळ्यात सगळं गाव विजेवर शेकतं, विजेचा दाब आधीच मेलेला, त्यात किटलीचा भार पडला की पेटीला फेफरं यायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आणि वेळ का सापडत नव्हती, तेही त्याला तिथेच उभ्या उभ्या उमगलं. कचेरीतली माणसं स्वतः चहाला बसत तेव्हा काम बंद असे, झेड कुणालाही न कळता जाई आणि येई. तो मोडायचा पाहुणा आला की. पाहुण्याचं नाव लिहायला घेतलेलं असायचं आणि त्याच वेळी पाहुण्यासाठी किटली चढायची. जितका पाहुणा मोठा, तितकी किटली लवकर. दोन हिवाळे ती कचेरी आलेल्या माणसाचा मान करत होती, आणि त्या मानाखाली त्याचीच नोंद चिरडत होती. तारेत काही दोष नव्हता.

उपाय पोरखेळ होता. पेटीची तार त्या पट्टीतून काढून यूपीएसला लावायची. बस. चहा प्यायला जितका वेळ लागतो तेवढंही काम नव्हतं.

इशेनालीचा हात कपाटामागे गेला, आणि तिथेच राहिला. ही तार हलवली की झेड पुन्हा तुटणार नाही. झेड तुटला नाही तर फोन येणार नाही. हा विचार त्याने केला असं म्हणता येणार नाही, तो विचारच त्याच्या आधी तिथे येऊन उभा होता.

"काय हो बाइके, उंदीर सापडला का?"

"नाही," इशेनाली म्हणाला. "बघतोय."

त्याने हात काढून घेतला. प्रत बसवली, आपांची नोंद स्वतःच्या डोळ्यांदेखत नीट भरून घेतली, आणि आत जाऊन टेबलाशी बसला. आपांनी त्याच्यापुढे बोर्सोक सरकवले. "खा रे बाळा. गाल बघ कसे आत गेलेत. घरी कोण आहे तुझ्या?"

"आहेत," इशेनाली म्हणाला.

टोलोगोन आणि गुलबार्चिनने एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्या खेपेला सांगू, असं त्याने ठरवलं. पुढची खेप गुरुवारी आली. कुठल्याशा वस्तीचा मुख्य माणूस येऊन गेला होता, म्हणजे किटली चांगली भरून चढली असणार. या वेळी फाइल फारच वाईट चिरडली होती, आदल्या दिवशीची प्रतही उघडेना. इशेनालीने त्याआधीची काढली, तीही नाही, मग त्याआधीची. ती उघडली. गुलबार्चिनने कपाळाला हात लावला आणि आठवतील तशा नोंदी पुन्हा भरायला घेतल्या. मग चहा झाला. कत्तामा गरम होता. गुलबार्चिनने दिराच्या लग्नाची गोष्ट सांगितली, त्यात सजवलेला घोडा नवरदेवाला सोडून एकटाच मांडवात येतो. इशेनाली इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, त्याने सांगितलं नाही.

रविवारी सकाळी तो बटाटे घ्यायला बाजाराकडे गेला. जनावरांच्या बाजाराचं फाटक वाटेतच लागतं. फाटकाबाहेर, ट्रकांच्या मधल्या चिखलबर्फात ऊल्कान आपा उभ्या होत्या. हातात दोरी, दोरीला गाय. गायीच्या पाठीवर आपांनी स्वतःची शाल टाकली होती, आणि आपा नुसत्या स्वेटरवर होत्या.

"आपा, आत का नाही गेलात?"

"घेत नाहीत रे बाळा. फाटकावरचा मुलगा म्हणतो, हा बिल्ला तुमच्या नावावर नाहीच. कालच कचेरीतून नवी यादी आली म्हणे, त्यात नाही. मी म्हटलं, अरे मी स्वतः जाऊन लिहून आले, चहा पिऊन आले. तो म्हणतो, चहाची नोंद नसते आजी."

इशेनाली मनात दिवस मोजू लागला. गुरुवारी बसवलेली प्रत आपा येऊन गेल्या त्याच्या आधीची होती. त्या दिवशी आठवून आठवून भरलेल्या नोंदींत आपा राहून गेल्या होत्या. नोंदीचा कागद विचारला तर तो त्यांनी घरी उशाखाली जपून ठेवला होता, हरवू नये म्हणून.

"मग घोडी?"

"घोडीवाला थांबला होता. मग गेला बिचारा, त्यालाही लांब जायचं होतं. आश पुढच्या आठवड्यावर ढकलते आता. माणसांना सांगून झालंय खरं." आपांनी गायीच्या नाकावरचा बर्फ बोटाने पुसला. "तू कॉम्प्युटरवाला ना? तू काही मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष? यंत्रच ते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इशेनालीने अंगातला कोट काढून म्हातारीच्या खांद्यावर घातला, ती नको नको म्हणत असताना दोरी स्वतःच्या हातात घेतली, आणि वरच्या वस्तीच्या वाटेला लागला. चढ होता. गाय सावकाश चालत होती. आपा नवऱ्याच्या गोष्टी सांगत होत्या, तो किती हट्टी होता, मीठ किती खायचा. इशेनालीला सगळं ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वाक्याला वाटत होतं, आत्ता सांगावं. तो फक्त "हो आपा" म्हणत राहिला. त्या दिवशी आयपेरीचा फोन आला, तोही त्याने उचलला नाही. जेवलात का, असं आज कुणी विचारलेलं त्याला सोसलं नसतं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. फोन कुणी केला नव्हता.

"बाइके? झेड तर चालू आहे!"

"आहे. आधी ऊल्कान आपांची गाय लिही. आत्ता. किटलीला हात लावू नका."

गुलबार्चिनने डोळे मोठे केले, पण लिहिलं. मग त्याने दोघांना बोळात आणलं, टोलोगोनना आत जाऊन किटलीचं बटण दाबायला लावलं, आणि पेटीकडे बोट दाखवलं. ठिपके विझले. ठिपके पुन्हा लागले.

"म्हणजे आम्हीच?" टोलोगोन म्हणाले. "चहानेच?"

"हिवाळ्याने, पट्टीने आणि चहाने. आणि मला हे आपा आल्या त्या दिवशीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

इशेनाली कपाटाकडे वळला. कपाटामागे हात घालून त्याने पेटीची तार उपटली, लांब केली, मागच्या खोलीत नेऊन यूपीएसला लावली. टोलोगोननी पुन्हा बटण दाबलं. दिवा पिवळा पडला. ठिपके हिरवेगार. गुलबार्चिनने टाळ्या वाजवल्या, बसा म्हणाली, चहा चढलाच आहे. पण इशेनालीला त्या टेबलाशी बसायचं तोंड नव्हतं. काम आहे म्हणून तो निघाला. त्याला काहीही काम नव्हतं.

आपांची आश पार पडली, घोडी कापली गेली, वस्तीवरून एका पोरीबरोबर इशेनालीसाठी मांसाचा वाटाही आला. त्याने तो दोन दिवस खाल्ला नाही. मग खाल्ला, खिडकीशी उभ्यानेच.

फोन वाजला नाही. झेड नीट चालत होता, हे त्याला न विचारताच कळत होतं. त्याच्या हातचं काम पक्कं होतं, आणि त्याचा त्याला पहिल्यांदाच राग आला. तो रोज दाढी करायचा. सदऱ्याला इस्त्री करायचा. मग खुर्चीत बसून राहायचा, आणि सदरा संध्याकाळी चुरगळलेला नसायचा. एकदा आयपेरीने विचारलं, "पप्पा, आवाज असा का? कुणाशी बोलला नाहीत का आठवडाभर?" तो म्हणाला, "बोलतोय की तुझ्याशी." त्या दिवशी तिच्या कामाची पाळी सुरू झाली तरी तिने फोन लवकर ठेवला नाही.

बर्फ वितळायला लागला त्या सुमारास एका दुपारी त्याने बॅग उचलली आणि बाहेर पडला. वाटेत त्याने वाक्य पाठ केलं. यूपीएसची बॅटरी तपासायला आलोय. दोन वर्षांनी बॅटरी तपासावी लागते, हे खोटंही नव्हतं.

"बाइके!" गुलबार्चिन कॉम्प्युटरवरून उठली. समोर दोन मेंढपाळ बसले होते. "काय झालं, आम्ही तर बोलावलं नाही! बिघडलंय का काही?"

"बॅटरी," इशेनाली म्हणाला. "तपासतो."

"तपासा तपासा, मी एवढं संपवते."

तो बोळात गेला. पेटी ठीक होती. मागच्या खोलीत गेला. यूपीएस ठीक होता, बॅटरी नव्यासारखी. आतल्या खोलीतून बशांचा आवाज येत होता, टोलोगोन कुणाला तरी आग्रह करत होते. इशेनाली लसींच्या फ्रीजशेजारच्या स्टुलावर बसला. काम संपलं होतं, आता उठून निघायचं. दारातून जाताना आत डोकावलं तर लोक म्हणतील... तो उठला नाही. कोट अंगात, टोपी गुडघ्यावर, बॅग पायाशी. फ्रीज घरघरत होता. मेंढपाळांची नोंद झाली, ते हसत आत चहाला गेले. इशेनाली बसूनच होता.

खूप वेळाने गुलबार्चिन दारात आली.

"अहो, इतकं काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग तपासताय काय?"

"काही नाही तपासत."

तिने यूपीएसकडे पाहिलं, बंद बॅगेकडे पाहिलं. इशेनालीने घसा साफ केला. पाठ केलेलं वाक्य वापरून संपलं होतं आणि दुसरं आणलं नव्हतं.

"चहा प्यायला आलो होतो," तो म्हणाला. "आत यायला जमलं नाही."

ती दाराला टेकून उभी राहिली. मग एकदम भडकली.

"डोकं ठिकाणावर आहे का, बाइके? इथे फ्रीजपाशी? डॉक्टर आठवड्याला दोनदा म्हणतात, इशेकेंना बोलवा, इशेकेंना बोलवा. मीच म्हणते, नको हो, कामाचा माणूस, बिघाडाशिवाय पाऊल टाकत नाही, उगाच कशाला त्रास? आणि हे इथे! त्या दिवशीही तसेच पळालात. आम्हाला वाटलं आमच्या चहाचा राग आला." तिने नाक ओढलं. "आता माझं ऐका. झेड तुटला की येत जाऊ नका. तेव्हा आमची डोकी फिरलेली असतात, माणसाशी धड बोलता येत नाही. तो चालू असला की या. म्हणजे रोज."

इशेनालीने टोपीने डोळे पुसले. लपवायचा प्रयत्नही त्याने केला नाही, आणि तिनेही न पाहिल्यासारखं केलं नाही.

"चला, उठा. आणि उद्या येताना ती बॅग घरी ठेवा."